दहा सेकंद थांबायचं

चिखलीच्या भंगार गोडाऊनमध्ये, बंद पडलेल्या स्मार्ट प्लगच्या ढिगातल्या एकावर मी हात टाकला आणि नेमका त्याच प्लगवर आणखी एक हात पडला. काळवंडलेली नखं, मनगटावर सोल्डरिंगचा जुना चटका.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला. "पण ह्यातला वायफायचा बोर्ड जिवंत हाय का न्हाई, ते कसं बघणार?"

"घरी नेऊन लावून बघीन."

"म्हंजे जाळणार."

खरं तर मला राग यायला हवा होता. पण असे तीन बोर्ड मी आधीच जाळले होते आणि ते माझ्या तोंडावर दिसत असावं... मला हसू आलं. तोही हसला — आणि मी उगाचच ओढणी सारखी केली.

ज्योतीराम करमाळ्याचा, आयटीआय झालेला, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. मी निवेदिता, निगडीची, इंजिनिअर होऊन सहा महिने घरी बसलेली. आमच्या सोसायटीत पाणी दिवसाआड येतं, तेही कधी येईल याचा नेम नाही. वॉचमनचं लक्ष चुकलं की मोटर लावायची राहते. टाकीत पाणी आलं की सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जाईल असं यंत्र करून दाखवते, असं मी पप्पांना सांगून बसले होते.

मग तीन आठवडे त्याची फर्स्ट शिफ्ट सुटली की आम्ही सोसायटीच्या खालच्या टाकीपाशी बसायचो. प्लगमधला मायक्रोकंट्रोलर, कुणीतरी टाकून दिलेल्या वॉटर फिल्टरमधला, पाण्याबरोबर वर उचलला जाणारा फ्लोट, जुना चार्जर आणि सगळं झाकायला श्रीखंडाचा डबा. मेसेजचा प्रोग्रॅम मी लिहिला, मेलेला बोर्ड जिवंत त्यानं केला. चाचणीसाठी यादीत पहिला नंबर त्याचाच टाकला होता. फ्लोट वर-खाली करताना बोटांना बोटं लागायची आणि आम्ही दोघंही यंत्राकडेच बघत राहायचो.

"फ्लोट वर गेला की लगेच खरं मानायचं न्हाई," तो सांगायचा. "पाणी पडताना तो थरथरतोय. दहा सेकंद थांबायचं. तरी वरच राहिला, तर पाणी आलं म्हणायचं."

"सगळ्याच बाबतीत एवढं थांबता?"

"तुमच्या बाबतीत तर तीन आठवडे झाले..." तो पुटपुटला आणि पेचकस शोधायला लागला. पेचकस त्याच्या हातातच होता.

रविवारी सोसायटीची मीटिंग भरली. आम्ही यंत्र चालवून दाखवलं, साठ मोबाइल एकदम वाजले. हे सगळं मी एकटीनं केलं का, असं सेक्रेटरी उद्धवरावांनी विचारलं. पहिल्या रांगेत पप्पा बसले होते, अभिमानानं नुसते फुलून गेलेले. मी हो म्हणाले. मग उद्धवरावांनी शिडी धरून उभ्या असलेल्या ज्योतीरामकडे बोट केलं.

"आणि हे कोण?"

"हे... भंगारातलं सामान आणून देतात."

टाळ्या पडल्या. त्यानं शिडी नीट भिंतीला टेकवली, पिशवी उचलली आणि तो गेला.

पप्पांनी पेढे वाटले. माझा पेढा मी तसाच बशीत ठेवून दिला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आरशात बघवेना, आणि श्रीखंडाचा तो डबा दिसला की कानशिलं तापायची. चार दिवस त्यानं फोन उचलला नाही. त्याचं काय चुकलं होतं?

गुरुवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला आणि प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. दुपारी पाणी आलं आणि सगळ्या मोबाइलवर मेसेज गेला — 'टाकीत पाणी आलं आहे. हे यंत्र ज्योतीराम माने यांनी बनवलं. मीटिंगमध्ये मी खोटं बोलले. मला लाज वाटते. — निवेदिता, बी-४०२.'

मेसेज पुन्हा आला. मग परत आला. जिन्यात, पार्किंगमध्ये, समोरच्या फ्लॅटमध्ये मोबाइल वाजतच राहिले. मी खाली धावले, चार्जर उपटला, तोवर अकरा वेळा गेला होता. वर आले तर पप्पा चष्मा पुसत बसले होते.

"एकदा सांगितलं असतंस तरी चाललं असतं," ते म्हणाले. नजर वर करून बघण्याची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी टाकीपाशी गेले तर कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच ज्योतीराम डबा उघडून बसला होता. मी तिथंच थबकले.

"दहा सेकंदांची ओळ विसरलात," तो न बघताच म्हणाला. "फ्लोट जितक्यांदा थरथरला, तितक्यांदा मेसेज."

"मला माफ करा. तुमची अशी ओळख करून देताना मला काहीच वाटलं नाही, आणि आता..."

"मेसेजपण खोटाच हाय. एकट्यानं कुठं बनवलंय मी? ह्यातला प्रोग्रॅम काय मी लिहिला?" मग त्यानं वर बघितलं. "शिडी धरून उभा होतो तवा लई लागलं मला."

मला रडू आलं. रडता रडताच मी म्हणून टाकलं, "मला तुम्ही आवडता. खूप."

तो सावकाश मनगट वर करून घड्याळाकडे बघत राहिला. माझा जीव नुसता टांगणीला.

"काय करताय?"

"दहा सेकंद थांबतोय." त्याचा आवाज जरासा कापत होता. "...झाले. अजून तेच म्हणणं हाय?"

"तेच आहे," मी म्हणाले.

त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि माझा हात हातात घेतला.