डाव्या हाताची गाठ

रुपलला वाटलं होतं, तैवानमधलं ताइनान म्हणजे काचेच्या उंच इमारती आणि रात्रंदिवस झगमगाट. चार शतकांचं जुनं बंदर आहे, एवढं तिने वाचलं होतं. पण जुनं म्हणजे दोरी बांधून ठेवलेलं, तिकीट काढून बघायचं, असंच तिच्या डोक्यात होतं. प्रत्यक्षात आनपिंग या बंदरालगतच्या वस्तीच्या गल्लीत ती बॅग ओढत शिरली, तेव्हा नाकात आधी गेला तो सुकत घातलेल्या मासळीचा वास. विटांची बसकी घरं, दारांवर तोंडात तलवार धरलेल्या सिंहांचे मुखवटे, भिंतीला टेकवलेली जाळी. ऑगस्टचं ऊन असं, की कुत्रंसुद्धा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उडी मारत होतं. एवढा समुद्र ओलांडून आपण आपल्या गावी, धाकट्या डहाणूलाच परत आलो की काय, असं तिला वाटलं. आणि बरं वाटायच्या ऐवजी तिला तिथूनच परत फिरावंसं झालं.

ती आली होती दहा दिवसांच्या शिबिराला. लहान होड्यांवरची माणसं बुडू नयेत म्हणून काय करता येतं, ते शिकायला. कोचीनला मत्स्यशास्त्र शिकून ती वर्षभरापूर्वी गावी परतली होती आणि प्रत्येक खलाशाच्या अंगात पाण्यावर तरंगवणारं जॅकेट घालायचंच, या एका ध्यासाने दारोदार फिरत होती. कारण घरातलंच होतं. तीन वर्षांपूर्वी हंगाम उघडल्यावर दुसऱ्याच फेरीला तिचा मोठा भाऊ मितेश समुद्रात गेला. होडी सापडली. मितेश सापडला नाही.

तेव्हापासून तिची आई, हंसा, रोज तिन्हीसांजेला दाराशी घमेलंभर पाणी आणि धुतलेला टॉवेल ठेवायची. मितेश दर्यावरून आला की तिथेच पाय धुई आणि टॉवेल वाऱ्याने उडू नये म्हणून ओट्याच्या खांबाला जाळ्याची गाठ मारून ठेवी. तो डावखुरा, त्यामुळे गाठ उलटी पडायची. सोडवता सोडवता आई वैतागायची, "टॉवेल हाय का जाळं, मेल्या?"

होळीच्या सुमारास रुपलने ते घमेलं उचललं.

"आई, पाणी ठेवून कोणी परत येत नाही. जॅकेट असतं तर आला असता."

"जॅकेट तू गावाला दे गं. मला माझं घमेलं दे."

रुपलने ते माळ्यावर टाकलं. आई भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून तिन्हीसांजेला तिचे हात रिकामे राहू लागले, आणि त्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना.

ताइनानला रुपल लिन नावाच्या म्हातारीच्या घरी उतरली होती. आजी आपल्या भाषेत फोनमध्ये बोलायची आणि फोनमधली बाई सपाट आवाजात ते मराठीत सांगायची. चौथ्या दिवशी भर दुपारी रुपल शिबिरातून परतली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. झाडावर किडे एकसुरात किरकिरत होते, आणि ती आजीच्या दाराशी आली तशी ती किरकिर एकदम थांबली.

दाराबाहेर एक गुलाबी घमेलं होतं. त्यात पाणी. शेजारी कंगवा.

पाणी गढूळ होतं, नुकतेच कोणीतरी पाय धुतल्यासारखं. डिझेलचा आणि ओल्या सुताचा वास येत होता. टॉवेल खिडकीच्या गजाला बांधलेला होता. रुपल पुढे झाली. गाठ जाळ्याची होती. उलटी.

तिने बोट लावलं. चटके बसणाऱ्या त्या उन्हात गाठ गार होती... आणि ओली.

आजी केव्हा दारात आली ते कळलंच नाही. ती गाठीकडे बघत होती. मग तिने फोन तोंडाशी धरला.

"या महिन्यात बुडालेले बाहेर येतात," फोनमधली बाई म्हणाली. "आम्ही त्यांना पाणी ठेवतो. तुझा कोण?"

"भाऊ... पण इथे? इतक्या लांब?"

आजी बराच वेळ बोलली. फोनने थोडकंच सांगितलं. "घरी पाणी ठेवणं बंद झालं, की ते पाणी दिसेल त्या दारात जातात."

रुपल तिथेच पायरीवर बसली. शिक्षण, शिबिर, जॅकेटं, सगळं गळून पडलं. डोळ्यांसमोर राहिलं ते माळ्यावर पालथं पडलेलं घमेलं.

आजीने तिला पाणी पाजलं, आणि भावाला घरी कसं न्यायचं ते सांगितलं. बुडालेल्यांना पाणी ओलांडायची भीती वाटते, म्हणून प्रत्येक पुलावर त्याला सांगायचं, पूल आला, माझ्यामागे ये. मग आजीने रुपलचं मनगट घट्ट धरलं. "त्याच्या एकट्याचंच नाव घे. बोलावलेल्याला परत पाठवता येत नाही."

उरलेलं शिबिर सोडून रुपल निघाली. शहराबाहेर पडताना गाडी खाडीवरच्या लांब पुलावर चढली. "मितेशभाऊ, पूल आला," ती पुटपुटली. खाली दुपारचं पाणी डोळ्यांवर येत होतं. काठाकाठाने घरं, प्रत्येक दाराशी एक घमेलं, आणि तरीही ती किती थोडी. एवढ्या मोठ्या समुद्रात ज्यांचं नाव घ्यायला कोणीच उरलं नाही, ते कुठे जात असतील? कोणी मागे राहता कामा नये, हे ती गावात प्रत्येक सभेत बोलत आली होती. इथे तिला राहवलं नाही.

"ज्यांना कोणी बोलवत नाही, त्यांनीपण या," ती हळूच म्हणाली.

ड्रायव्हरने आरशात मागे पाहिलं, आणि मग विमानतळ येईपर्यंत पुन्हा आरशाकडे न बघता पुढेच पाहत राहिला.

डहाणूच्या गाडीत वैतरणेच्या पुलावर ती पुन्हा पुटपुटली, तेव्हा समोरची बाई हसली. "पुलावर रेंज जाते गं. नंतर बोल."

डहाणू रोडला उतरली तेव्हा संध्याकाळ होती. रिक्षावाला देवजी गावचाच. खाडीच्या पुलावर तो म्हणाला, "रुपल, सामान काय भरलंयस? रिक्षा चढत नाय."

तिच्याजवळ एकच बॅग होती.

आई दारात उभी होती. लवकर का आलीस, असं तिने विचारलंच नाही. ती रुपलच्या मागे बघत राहिली. मग दारातून बाजूला सरली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी. आणि सरलेलीच राहिली... बराच वेळ.

"आई, घमेलं काढू?"

"काढ," आई म्हणाली. तिने पदर कमरेला खोचला.

दोघींनी मिळून घमेलं घासलं, भरलं, टॉवेल ठेवला. आईने दिवा लावला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा पडल्या पडल्या झोपली.

सकाळी रुपल बाहेर आली तेव्हा आई ओट्यावर बसली होती. घमेलं कोरडं होतं. शेजारचं पिंप, ज्यात दोन दिवसांचं पाणी असायचं, तळाला गेलं होतं. खांबाला टॉवेल बांधलेला होता. गाठ उलटी. आईने ती सोडवली नाही. लेकराच्या गालाला लावावा तसा हात लावून ती नुसती बसली होती.

"आला गं," ती म्हणाली. "पण हे कोण?"

त्या गाठीखाली, टॉवेलच्या उरलेल्या लांबीवर, आणखी गाठी होत्या. वेड्यावाकड्या, शिकाऊ हातांच्या. काही दोनदा चुकून पुन्हा मारलेल्या. सगळ्या उलट्या. जणू कोणीतरी शेजारी बसून दाखवत होतं, असं धर, असं ओढ.

रुपलने पुलावरचं सगळं सांगितलं. वाटलं, आता आई कपाळ बडवेल, भगताकडे धावेल. रुपलची स्वतःचीच नजर उघड्या दाराकडे गेली. घमेलं पुन्हा माळ्यावर टाकावं, दार लावावं, एवढं सोपं होतं ते. पण मग ते कुठे जातील?

आई त्या गाठींवरून एकेक करून बोट फिरवत होती. "कुणाकुणाची पोरं असतील," ती म्हणाली.

तेव्हा रुपलने ठरवलं. ती आत जाऊन पिशवी घेऊन आली.

"बाजारात जाते. घमेली आणते. जेवढे आहेत तेवढी." तिने गाठी मोजल्या. "मितेशभाऊ धरून बारा."

"तेरा आण," आई खांबाकडे बघत म्हणाली.

रुपलने वळून पाहिलं. खाडीवरून वाऱ्याची झुळूकही नव्हती. टॉवेलचं खालचं मोकळं टोक हळूहळू उचललं जात होतं. चाचपडत, अडखळत, ते स्वतःभोवती एक वेढा घेत होतं... उलटा.