स्टेपनीतली हवा

"कशात हवा भरायची म्हणता?"

गुरुशांतनं विचारलं तेव्हा भुवनेश्वरीनं पेनाएवढी एक वस्तू पुढं केली. अक्कलकोट रोडवरच्या त्याच्या टायरच्या दुकानात आजवर सायकलीपासून ट्रकपर्यंत सगळं येऊन गेलं होतं. पेन पहिल्यांदाच आलं होतं.

"भरायची नाही, फवारायची. हा एअरब्रश आहे... स्वस्तातला. याला हवेचा पंप लागतो, तो माझ्याकडं नाही."

"आन् रंगवायचं काय?"

तिनं पिशवीतून अंतराळयान काढलं. मागावरच्या रिकाम्या कांड्या, शाम्पूच्या बाटल्यांची टोपणं, संपलेल्या रिफिली... सगळा कचरा, पण असा बेमालूम बसवलेला की गुरुशांतनं आधी हात पॅन्टला पुसले आणि मगच यान उचललं. ते हात पुसणं भुवनेश्वरीच्या लक्षात राहिलं. का राहिलं ते विचारू नका.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. दुकानातल्या हवेच्या टाकीच्या तळाला साठलेलं पाणी रंगाबरोबर फसकन बाहेर आलं, आणि चंदेरी पंखावर कांजिण्या आल्यासारखे फोड उठले.

"माझी चूक," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "टाकीतलं पाणी सोडायचं राहिलं. उद्या परत या की."

"उद्या परत पाणी आलं तर?"

"तर परवा या."

आता याला काय म्हणावं? भुवनेश्वरी हसू दाबत घरी गेली.

आठ दिवसांत तोच गावातल्या भवानी पेठेत तिच्या घरी आला, हवेच्या पंपासाठी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गाडीवर बांधून. तिच्या आईनं, शांतम्मांनी, आधी कन्नडात त्याचं गाव, घराणं सगळं काढून घेतलं आणि मग चहा दिला. वरच्या खोलीत शिकणं सुरू झालं. रंग दुधाएवढा पातळ हवा, हात थांबता कामा नये, हे दोघं मोबाइलवर बघून शिकत होते. शेजारी टॉवेलचे माग दिवसभर खडखडायचे. बोलायचं तर ओरडून. ओरडून मनातलं कोण बोलतं? म्हणून दोघं रंगाचंच बोलायचे.

पण माग नुसता आवाज करून थांबतात होय? हवेत सुताचे बारीक तंतू उडायचे आणि ओल्या रंगावर जाऊन बसायचे. यानाला दाढी यायची. तीनदा रंगवलं, तीनदा पुसलं. आणि शुक्रवारी सकाळी भुवनेश्वरीला पुण्यात पोचायचं होतं. सिनेमासाठी छोटी मॉडेलं बनवणाऱ्या एका वर्कशॉपनं कामासाठी बोलावलं होतं... रंगवलेला एक नमुना घेऊन या, म्हणाले होते. हे तिनं गुरुशांतला सांगितलंच नव्हतं. रोज ठरवायची, आणि रोज जीभ रेटायची नाही.

शेवटी शांतम्माच बोलून गेल्या, "नोकरी लागली तर ही पुण्यालाच राहणार बघ."

"चांगलंय की," गुरुशांत म्हणाला. चहा अर्धा ठेवून उठला आणि पुढचे दोन दिवस फिरकला नाही.

त्यातच मेसेज आला, गुरुवारी बारा ते चार लाइट नाही. म्हणजे माग बंद, तंतू बंद. आणि कॉम्प्रेसरही बंद. भुवनेश्वरी यान मांडीवर घेऊन बसून राहिली. यान गेलं, तोही गेला, असं तिला वाटत होतं.

बाराला माग थांबले. एवढी शांतता की जिन्यावरची पावलं ऐकू आली. जड पावलं. दारात गुरुशांत उभा होता, घामानं निथळत, खांद्यावर जीपची स्टेपनी.

"चाळीस पौंडापर्यंत हवा भरलीया. लई पुरायची न्हाय. बसा लवकर."

"दोन दिवस कुठं होता?"

"आधी रंग."

त्यानं टायरच्या व्हॉल्व्हला नळी जोडली, खिडकीत ओला टॉवेल टांगला. ती फवारू लागली. उकाड्यानं ब्रशच्या टोकाशी रंग वाळायचा, तो कापसाच्या काडीनं टोक पुसायचा. एक पंख झाला. दुसरा उरला होता.

"किती हवा आहे?"

"पंधरा."

ती थांबली. "हे यान पुरं व्हायला नकोच असेल ना तुम्हाला?"

"ओरडू नका," तो हळूच म्हणाला. "आज ऐकू येतंय."

खरंच की, सवयीनं ती ओरडलीच होती. तिचे गाल तापले.

तो टायरकडं बघत राहिला. "आलं हुतं मनात. यान बिघडलं तर तुमी हितंच राहाल... मग माझी मलाच लाज वाटली. आन् स्टेपनी भरली." जरा थांबून म्हणाला, "मला तुमी आवडता. हे वरडून सांगता येत न्हवतं."

भुवनेश्वरीनं एका दमात दुसरा पंख रंगवायला घेतला. शेवटच्या कडेला रंग लागला आणि नळी फुस्स करून गप्प झाली. यानावर एक तंतू नव्हता.

"पुण्यात मला हवा कोण देणार?"

"पुण्यातबी टायर असतात की."

"टायरचं नाही विचारत मी. तू येशील?"

तू. त्यानं मान वर केली. ओठ हलले, आणि नेमकी तेव्हाच लाइट आली. वेळ चारची, आली एकलाच. माग खडखडले. ओलं यान! दोघं एकदमच धावले. त्यानं खिडकी लावली, तिनं यानावर पातेलं पालथं घातलं.

"काय म्हणालास?" ती ओरडली.

जे ओरडून सांगता येत नव्हतं ते गुरुशांतनं आता पेठभर ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं.

"दर रविवारी येतो!"

खालून जिन्यात शांतम्मांचा आवाज आला, "दर रविवारी? मग जेवायलाच ये की, नुसत्या चहाला कशाला?"

"आई," भुवनेश्वरी ओरडली, "तो पुण्याला यायचं म्हणतोय."

शांतम्मा दोन पायऱ्या वर चढून आल्या. मग तिथूनच ओरडल्या, "तर डबा देते बांधून."