शून्याचं बटण

शून्याइतकं पवित्र विज्ञानात काही नाही, असं सर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. त्यांच्या प्रयोगशाळेत हे पावित्र्य एका हिरव्या बटणात वसत असे, आणि ते निखळू नये म्हणून त्याला चिकटपट्टी लावली होती.

रीत ठरलेली. नळीतलं द्रव किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रात आधी साध्या पाण्याची नळी ठेवायची, झाकण लावायचं, शून्य दाबायचं, की पाण्याचा आकडा वजा होतो. मग एन्झाइमची नळी. सरांची एक विद्यार्थिनी पीएचडीपायी वर्षानुवर्षं हेच करत राहिली; मागून आलेले पदव्या घेऊन निघून गेले आणि हिचं नाव तेवढं थोरली पडलं. एव्हाना दगडालाही पाझर फुटला असता, असं आई म्हणायची. आता एक शेवटची मोजणी आणि प्रबंधावर सरांची सही, एवढंच राहिलं होतं.

त्या मोजणीलाच ती शून्य दाबायला विसरली. नुसत्या पाण्याने आकडा दाखवला.

तिने पाणी बदललं, नळी घासली, शेवटी नळीच काढून घेतली आणि झाकण लावलं. रिकाम्या कप्प्याचा आकडा सावकाश चढत होता, उतरत होता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. ती खोकली.

आकडा थबकला.

तिने सरांना बोलावून आणलं. ते चष्मा पुसत बसले. असं होतं म्हणाले. म्हणून तर शून्य दाबतात.

"मग इतकी वर्षं आपण वजा काय करत होतो, सर?"

"दाब आणि मोकळी हो. नाहीतर सही विसर."

"नाही दाबणार. दिसलं तसं लिहिणार."

सर उठले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. आकडा मुकाट शून्यावर आला. बघ, म्हणाले.

दोघं बघत राहिली.

आकडा शून्याच्या खाली गेला.

उणे. म्हणजे मघाशी आत जे होतं, ते आता आत नव्हतं.

झाकण बंदच होतं.

थोरलीने उणे चिन्हासकट आकडा पेनाने प्रबंधात लिहिला आणि सहीचं पान पुढे सरकवलं. सरांनी मागे न बघता सही केली, तसेच बाहेर पडले. त्यांच्या पाठोपाठ तीही. प्रबंध रात्रभर यंत्राशेजारी उघडा राहिला. तो तिने सकाळी ऑफिसात नेऊन दिला.

एक सही खोडा, मग पुढे पाठवतो, असं कारकून म्हणाला. थोरलीने साफ नकार दिला. प्रबंध अजून तिथेच पडून आहे.

मार्गदर्शक एक असताना सह्या दोन चालत नाहीत.