एका वेळी एकच बाजू

"दहा सेकंदांत चिकटेल असा गोंद द्या," काउंटरवर विमानाचे दोन पंख ठेवत तो म्हणाला, आणि मी सरळ "नाही" म्हटलं.

हे दुकान मामाचं. उडणारी मॉडेल विमानं, छोट्या मोटारी, बाल्साचं लाकूड, सगळं इथे मिळतं. पण गोंदाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. गिऱ्हाईक रुसलं तरी चालेल, पंख बिघडलेला मला चालत नाही.

"नाही म्हणजे?" त्याने चष्मा वर सरकवला.

"पंख आतून थर्माकोलचा आहे आणि त्यावर बाल्साची पातळ शीट चढवायची आहे, बरोबर? मग हे बघा." मी थर्माकोलच्या एका तुकड्यावर त्याच्या त्या दहा सेकंदवाल्या गोंदाचा थेंब टाकला. बघता बघता खड्डा पडला.

"बापरे... कीड लागली!"

"दातांचे डॉक्टर ना तुम्ही?"

"कसं ओळखलंत?"

"लवंगेच्या तेलाचा वास येतोय. लहानपणी मी तुमच्यातल्या एकाला चावलेय."

तो खळखळून हसला. दुसऱ्यांचे दात सरळ करणाऱ्या या माणसाचा स्वतःचा एक दात चक्क वाकडा होता! तिथेच मी पाघळले.

बोलता बोलता कळलं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर महिनाभर मुलीकडे गेले होते, त्यांच्या जागी हा आला होता. रविवारी विमान उडवायचं आणि सोमवारी आपल्या गावी परत जायचं, असा त्याचा बेत.

"मग चपलांना लावतात ते सोल्युशन?" त्याने विचारलं.

"तेही थर्माकोल खातं."

"पांढरा गोंद?"

"त्यात पाणी असतं. शीट फुगते, शिवाय आत हवा जात नाही, आठवडाभर ओलाच राहतो. तुम्हाला हवा दोन बाटल्यांचा इपॉक्सी, सावकाश सुकणारा. दोन्ही समप्रमाणात कालवायचे, ते मिश्रण शीटवर अगदी पातळ पसरायचं, वर वजन आणि एक रात्र."

"म्हणजे उद्या तयार?"

खरं उत्तर 'हो' होतं. पंखाच्या वरची आणि खालची शीट एकदमच चिकटवतात, दोन्ही पंख एका रात्रीत होतात. पण तो वाकडा दात...

"एका वेळी एकच बाजू," मी ठणकावून सांगितलं. "दोन पंख, चार बाजू, चार रात्री. आज मंगळवार. शनिवारी पंख तुमच्या हातात. वजनं माझ्याकडेच आहेत, तेव्हा इथेच यायचं."

मागच्या फळीआडून मामा जोरात खोकला. मी तिकडे बघितलंच नाही.

मग रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून तो येऊ लागला. मी इपॉक्सी कालवायची, तो जुन्या कार्डाने पसरायचा. इतकं हळुवार, जणू शीटला दुखेल.

"जास्त झाला का?"

"झालाच. खरवडा. चिकटायला लागतो तेवढाच गोंद, बाकी सगळं ओझं."

"तुम्ही सगळ्यांनाच असं दटावता?"

"जे ऐकतात त्यांनाच."

शीट टेकवताना आमची बोटं एकमेकांना लागायची... दोघंही घाईघाईने वजनं उचलायला वळायचो. काहीतरी बोलावंसं वाटायचं आणि मी इपॉक्सीबद्दल आणखी एक माहिती द्यायची.

शनिवारी वजनं काढली. दोन्ही पंख केळ्यासारखे वाकले होते.

तो बराच वेळ पंखावरून हात फिरवत राहिला. "उद्या नाही उडणार, ना?"

"नाही."

"माझंच चुकलं असणार. गोंद जाड लागला असेल माझ्याकडून."

गप्प राहिले असते तर माझं नाव राहिलं असतं. पण त्याने दोष असा स्वतःच्या अंगावर घेतला आणि मला राहवलं नाही.

"तुमचं काही चुकलं नाही, डॉक्टर. गोंदही बरोबर होता. दोन्ही बाजू एकदमच लावायच्या असतात. एकच लावली की सुकताना ती पंखाला आपल्याकडे ओढते. मला माहीत होतं. वाटलं, वजनं ठेवली की निभेल."

"मग मुद्दाम...?"

"एका रात्रीत काम झालं असतं तर तुम्ही पुन्हा आला नसता."

त्याने मामाकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आपलेच दात आणि आपलेच ओठ!" मामाने हात वर केले. "मी काय बोलणार?"

तो हसला नाही. स्टुलावर बसला. "मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, इथेच राहता का, दवाखाना दोघं मिळून चालवू. काल मी नाही म्हणून कळवलं."

"का?"

"कारण तू..." तो एकदम 'तू'वर आला. "चार दिवस मी येतोय आणि तू गोंदाशिवाय एक शब्द बोलत नाहीस. म्हटलं, हिला फक्त पंखाशी मतलब आहे. मग कोणासाठी थांबायचं?"

एवढी हुशारी करून चार दिवस मिळवले आणि माणूस घालवला! मी दुकानाचा फोन उचलून त्याच्यासमोर आदळला.

"लावा."

"काय सांगू?"

"सांगा, घाईत नाही म्हटलं."

"आणि कारण विचारलं तर?"

"मला तुम्ही आवडता. फार आवडता. झालं? लावा आता!"

त्याने नंबर फिरवला. घंटी वाजत होती, वाजतच होती. मी काउंटरची कड घट्ट धरली.

"डॉक्टर, मीच... ती जागा दिली का कोणाला?... नाही ना? मग मी थांबतोय. हो, कायमचा." मग तो माझ्याकडे बघून हसला, वाकड्या दातासकट. "कारण? कारण समोरच उभं आहे, सर. रडतंय."

"मी रडत नाहीये!" मी ओरडले, फोनच्या पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पण रडत होते.