घंटीतला बोळा

"घंटी नको. घंटीने पक्षी उडतात," तो म्हणाला, आणि सकाळी सकाळी माझं डोकंच फिरलं.

जपानातल्या आकिताच्या डोंगरात आमचं गाव. रानवाटेच्या तोंडाशी माझी टपरी. पाहुण्यांच्या कमरेला घंटी बांधायची, संध्याकाळी आठवणीने परत घ्यायची. माणूस येतोय हे आधी कळलं की अस्वल आपणहून बाजूला होतं. अचानक समोरासमोर आलं तर... जाऊ दे.

"पक्षी उडाले तर उद्या परत येतील," मी म्हटलं. "तुमचं नाक गेलं तर ते येणार नाही."

"नाक बरं आहे का माझं?"

"आहे तसं बरं. म्हणून तर सांगतेय."

हसला मेला. नाव इओरी, ओसाकाहून आलेला, पक्ष्यांचे आवाज रेकॉर्डरवर टिपत गावोगाव फिरणारा. त्याला तांबड्या खंड्याची शीळ हवी होती — जूनच्या झिमझिम पावसात झऱ्याकाठी ऐकू येते ती. घंटी मीच बांधली. गाठ मारताना बोटं जरा रेंगाळली... खोटं कशाला बोलू?

चार दिवस तो भिजून चिंब, हात हलवत परत आला. टपरीत बसून माझ्या हातचे भाताचे गोळे खायचा.

"आज काय मिळालं?"

"तुमची घंटी. तासभर. छान वाजते, पण तिला पंख नाहीत हो, फुमिनो-सान."

पाचव्या दिवशी मी टपरी बंद केली आणि त्याच्याबरोबर गेले.

झऱ्यापाशी खंड्या बोलला. अगदी जवळ. आम्ही पाऊल टाकलं की घंट्या वाजायच्या आणि तो गप्प व्हायचा. इओरीचा चेहरा असा पडला की मला राहवेना.

आमच्या गावाची एक खोड आहे. जूनमध्ये बांबूचे कोंब काढायला सगळे रानात जातात. ज्याची त्याची जागा गुपित. घंटी वाजली तर शेजाऱ्याला जागा कळेल, म्हणून घंटीत पंच्याचा बोळा कोंबतात. माझे बाबाही तेच करतात. पाहुण्यांना घंटीवर तासभर सांगतील, आणि स्वतः? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दरवर्षी त्यांच्याशी मी भांडते.

त्या दिवशी मीच माझा पंचा फाडला. दोन्ही घंट्यांत बोळे घातले.

"दोनच मिनिटं," मी कुजबुजले. "एवढ्याने काही होत नाही."

खंड्याने शीळ घातली. उतरत उतरत जाणारी... इओरी माझ्याकडे बघत होता. मीही बघत राहिले. मग पक्षी उडाला.

"टिपलीस ना?" मी विचारलं. त्याला 'तू' कधी म्हणायला लागले, कळलंच नाही.

"बटण दाबायचं राहिलं."

"का?"

"तुझ्यामुळे. उद्या टिपतो. तुझ्याचसाठी."

परतताना हातात हात होता. त्या धांदलीत माझ्या घंटीतला बोळा मी काढला. त्याच्या घंटीतला राहिला, आणि संध्याकाळी घंटी परत घ्यायचीही राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी टपरी उघडायच्या आत तो एकटाच गेला होता.

आठच्या सुमाराला बाबांनी आणि गावकऱ्यांनी त्याला खाली आणलं. बांबूच्या दाटीत अस्वलाच्या पिल्लाची आई होती. तिने एकच फटका मारला आणि पिल्लाला घेऊन निघून गेली. इओरीचे दोन्ही डोळे गेले.

बाबांनी त्याच्या घंटीतून बोळा काढून माझ्यासमोर ठेवला. "पंचा तुझा आहे," एवढंच बोलले. त्या दिवसापासून ते रानात घंटी खणखणवत जातात. त्यांची कोंबांची जागा आता साऱ्या गावाला ठाऊक आहे.

नऊ दिवस मी दवाखान्याच्या दारातून परत फिरले. त्याला काय सांगणार होते? की माझ्या हाताने तुझे डोळे घालवले? न सांगता जवळ बसवत नव्हतं, आणि सांगितल्यावर तो बसू देईल असं वाटत नव्हतं. दहाव्या दिवशी कमरेला घंटी बांधली. परिचारिकेने डोळे वटारले, तरी तशीच आत गेले.

पट्ट्या बांधलेलं तोंड माझ्याकडे वळलं. "फुमिनो?"

"बोळा मी घातला होता. एवढ्याने काही होत नाही, असंही मीच म्हटलं."

"सकाळी मला तो दिसला होता. मी काढला नाही." तो थांबला. "हात माझेही होते ना."

मी रडले.

"ओसाकाला जाशील?" शेवटी मी विचारलं.

"तिथे कोण येतंय कळायला घंटी कुठे आहे?" ओठ जरासे हलले, हसणं काही जमलं नाही. "पण ऐक. दया म्हणून थांबू नकोस. कंटाळलीस की जा. फक्त वाजवत जा... अचानक नको."

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. घंटी थांबली. आवाज बंद झाला तसा तो घाबरला, हाताने अंथरूण चाचपत घंटीपर्यंत आला, ती मुठीत धरली. मग दुसऱ्या हाताने माझं तोंड शोधलं.

"इथेच आहे," मी म्हटलं.