पुलावर थांबलेला खेळ

सकाळचा चहा झाल्यावर मी जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले आणि त्यावर कापसाच्या काड्या, स्पिरिटची बाटली, बारीक पेचकस आणि मीटर ओळीने मांडले. उन्हाने खेळांच्या प्लास्टिकच्या कार्ट्रिजवरच्या लेबलांचे रंग उडतात, म्हणून पडदा ओढून घेतला. धाकट्या भावाने आयुष्यभर जमवलेले हे जुने व्हिडिओ गेम त्याच्या पश्चात भावजयीने माझ्याकडे सोपवले होते. मी प्रत्येक कार्ट्रिजच्या धातूच्या पट्ट्या पुसत होतो, ते पिशवीत घालून डब्यात उभे लावत होतो, आणि दमट हवा आत जाऊ नये म्हणून झाकण घट्ट बसवत होतो.

"माणसांचे कपडे खुर्चीवर आणि डब्यांना कपाट!" बायको म्हणाली. "भावोजी असते तर पोट धरून हसले असते."

"हसला नसता. मांडणी चुकली म्हणून भांडला असता."

भावजयीची अट एकच होती. "बाकीचं कसंही लावा, दादा. ह्यांचा तो खेळ तेवढा पुसला जाऊ देऊ नका."

त्या खेळातला भावाचा शिलेदार नदीवरच्या पुलावर थांबलेला होता. शेवटचे दवाखान्यात जाण्यापूर्वी त्याने खेळ तिथेच सेव्ह केला होता. ती आठवण कार्ट्रिजमधल्या बटणाएवढ्या सेलवर टिकते. सेल संपला की सारे पुसले जाते. बदलायला म्हणून काढला तरी तेच. त्यामुळे बदलताना बाहेरून तारा जोडून वीज देत राहावे लागते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य असल्याच कामात गेले. घाबरण्याचे कारण नव्हते.

आधी खात्री करावी म्हणून खेळ लावला. शिलेदार पुलावर नव्हता. पूल ओलांडून पलीकडच्या वाटेवर उभा होता.

"तू हा लावला होतास?"

"मी? टीव्हीचा आवाज कमी करायचा तरी तुम्हाला हाक मारावी लागते मला."

माझ्याच हातून एखादे बटण दाबले गेले असेल, असे मी ठरवले. कार्ट्रिज डब्यात ठेवले, झाकण दाबले आणि वर जाडजूड शब्दकोश ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शब्दकोश जागेवर होता. पिशवीला मात्र आतून वाफ धरली होती, आरशावर श्वास पडावा तशी. बाकीच्या पिशव्या कोरड्या होत्या.

खेळ लावला. शिलेदार एका घराच्या दारात पोहोचला होता.

मी पेच सोडवले. आत सेलच नव्हता. त्याच्या जोडाचे सोल्डर काढून ती जागा स्वच्छ पुसलेली होती, भावाच्या नेटक्या हाताने. नवा बसवायचे राहून गेले असावे. मग इतके दिवस हा खेळ कशावर टिकला होता? मी मीटर लावला. शून्य. टोके बदलून पाहिली. शून्यच.

कार्ट्रिज तसेच उघडे खेळाच्या यंत्रात बसवले. शिलेदार घरात शिरला होता, माझ्याकडे पाठ करून.

टीव्हीवर खाली दुसऱ्या खेळाडूच्या नावाची जागा होती. ती नेहमी रिकामी असे. तिथे आता नाव होते: दादा.

मी ते उघडले. पूल दिसला. पुलावर नवा शिलेदार उभा होता, माझ्याकडे तोंड करून.

फोन वाजला. भावजय होती.

"दादा, झालं का काम? अजून पुलावरच आहेत ना?"

"पुलावर आहे," मी म्हणालो. ते खोटे नव्हते.

"सेल बदललात?"

"बघतो."

सोल्डरिंगचे यंत्र तापले होते, नवा सेल समोर होता. तो बसवला तर खेळ राहील की पुसला जाईल, मला सांगता येईना. आणि पुसला गेला, तर दोघांचाही.

मी सोल्डरिंगच्या यंत्राचे बटण बंद केले. सेल पाकिटात परत ठेवला, पेच पिळले, कार्ट्रिज पिशवीत घालून त्याच्या जागी उभे लावले. मग एकेक करून सगळ्या डब्यांची झाकणे घट्ट दाबली.

त्या एका डब्याचे तेवढे उघडे ठेवले. पिशवीचे तोंडही.