भिवा तांडेलाचा अडकलेला निरोप

खोलीत तीन सर्व्हर होते. एक एसी, दोन बॅटऱ्या, भिंतीवर एक पडदा, एक टेबल, एक खुर्ची. आणि खुर्चीत नेत्रा.

बस्स. इंजिन नव्हतं.

हे आधी मोजून सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून लोक हेच विचारतात. घटना रत्नागिरीतली आहे आणि घडली तशीच सांगितली आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या डिसेंबरातली मंगळवारची दुपार. बंदराजवळ मच्छीमारांच्या एका संस्थेची कचेरी आहे, खाली बर्फाचा कारखाना. बीएस्सी झालेली नेत्रा वरच्या खोलीत काम करायची. वादळाचा इशारा आला की तिथले सर्व्हर तो समुद्रातल्या होड्यांना पाठवायचे. प्रत्येक होडीवर एक छोटी पेटी. निरोप पोचला की पेटी उलट पोच द्यायची, सोबत होडीचा वेग आणि दिशा. पोच आली नाही तर निरोप रांगेत थांबायचा आणि नेत्राच्या फोनवर सूचना यायची.

सूचना आली की वायरलेसवर त्या होडीच्या शेजारची होडी गाठायची आणि तिच्याकरवी हाक मारायला सांगायचं. तिथली पद्धतच होती तशी.

पण सूचनांना धरबंध नव्हता. रांग अडकली, सर्व्हर तापला, डिस्क भरत आली, रांग सुटली, पुन्हा अडकली. संस्थेचे व्यवस्थापक सर्वेश तिला चिडवायचे, "नेत्रा, फोनवर भाकरी भाजून घे गं. चांगला तापलाय."

शेवटी ऑगस्टात तिने नियम बदलला. दहा निरोप अडकले तरच सूचना.

फोन शांत झाला. सर्वेशनी शाबासकी दिली.

मग ऑक्टोबरातलं वादळ आलं. सगळ्या होड्या परतल्या…

एक सोडून.

पूर्णगडच्या भिवा तांडेलाची. होडीचा प्रमुख म्हणजे तांडेल तो आणि त्याचा खलाशी रितेश, दोघेही गेले. फक्त एक फळी गावखडीच्या किनाऱ्याला लागली.

भिवाची बायको कमळा कचेरीत आली होती. दारातच उभी राहिली. "बाय, खरा सांग. निरोप त्यांना भेटलेला काय?"

नेत्राने पडद्याकडे पाहिलं. रांग: शून्य.

"हो काकी. सगळ्यांना गेला."

हे वाक्य कमळाच्या आधी पूर्णगडला पोचलं. तांडेलाला निरोप मिळाला होता, तरी जाळी सोडवेनात, हावेपायी रितेशला घेऊन बुडाला… गावाने असा अर्थ लावला. रितेशची आई चिमा कमळाशी बोलेनाशी झाली. कमळा मासळी विकायला बसली की तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

आणि मग तो मंगळवार.

जेवणाचा डबा नुकताच बंद केला होता. फोन थरथरला…

'रांगेत १ निरोप. पोच नाही.'

एक? दहाच्या खाली सूचना येणं शक्यच नव्हतं. तिने नियम उघडून पाहिला. होता तसाच होता.

तेवढ्यात खालच्या कारखान्याची घरघर थांबली.

मग सर्व्हरचे पंखे थांबले. दिवे मात्र लुकलुकत होते.

आणि कपाटामागून आवाज आला…

डुग… डुग… डुग…

होडीचं इंजिन. होडी जागच्या जागी उभी असते तेव्हाचं.

ती उठून मागे गेली. नुसत्या वायरी होत्या. मान वर केली तर पंखे फिरत होते, कारखाना घरघरत होता.

वीज गेली असेल? मग दिवे कसे चालू होते? तिला कारण शोधायची सवय. ती शोधत बसली. नेहमीची रांग रिकामी होती. पण पुन्हा पुन्हा पाठवूनही ज्यांची पोच येत नाही, असे निरोप सर्व्हर बाजूला टाकतो. त्या दुसऱ्या रांगेला या कामात मृत रांग म्हणतात. नेत्राच्या पडद्यावर तिची मोजणीच नव्हती.

तिने ती उघडली.

आत एक निरोप होता. 'वादळ. ताबडतोब परत फिरा.' भिवा तांडेलाच्या पेटीसाठी. तारीख ऑक्टोबरातली. पेटीची शेवटची नोंद, आधीच्या निरोपाच्या पोचेतली… वेग शून्य, दिशा पश्चिम, म्हणजे तोंड खोल समुद्राकडे.

एक सूचना आली असती तर शेजारच्या होडीने हाक मारली असती. तिने वळून दार बंद आहे ना ते पाहिलं.

आणि निरोप पुसून टाकला.

हे सांगताना तिची मान आजही वर होत नाही.

फोन थरथरला…

'रांगेत १ निरोप. पोच नाही.'

नवा निरोप असता तर त्याची वाट पाहण्याची वेळ शून्यापासून सुरू झाली असती. हा मात्र ऑक्टोबरपासूनच थांबलेला होता.

तिने सर्वेशना सांगितलं. त्यांनी आवाज खाली आणला. माणसं काही परत येणार नाहीत, संस्थेला टाळं लागेल, तुझी नोकरी जाईल, असं बरंच बोलले. शेवटी म्हणाले, "येईल तितक्यांदा पूस."

बुधवारी तिने पुसला. गुरुवारीही पुसला.

दर वेळी पंखे थांबत.

दर वेळी कपाटामागे… डुग… डुग…

जणू कुणी इंजिन चालू ठेवून पुढच्या हुकमाची वाट पाहतंय.

शुक्रवारी ती एसटीत बसली. कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं, तर पूर्णगड हा शब्द तिच्या तोंडून इतका हळू आला की त्याने दोनदा विचारलं.

कमळा काठावर सुकत घातलेली मासळी उलथत होती. थोड्या अंतरावर पाठ करून चिमा बसली होती. नेत्रा मुद्दाम चिमालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"काकी, त्यांना निरोप मिळाला नव्हता. तो माझ्याकडेच अडकला होता. तुम्ही आलात तेव्हा मी न तपासता हो म्हणाले. आणि मंगळवारी कळल्यावर… पुसून टाकला. तीनदा."

कमळाचा हात मासळीवर थांबला. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. ते नेत्राला जास्त लागलं.

"म्हणजे परत फिर म्हणून त्यांना कोणी सांगितलाच नाय," कमळा म्हणाली.

नेत्राने पिशवीतून फोन काढला.

"आता हाय तुझ्या फोनात तो निरोप?"

"आहे. परत आलाय."

"मग पाठव."

"काकी, पेटी आता तिथे…"

"पाठव, बाय. तांडेल हुकमाशिवाय फिरायचा नाय."

चिमा उठून आली. कमळाला लागून बसली आणि उरलेली मासळी उलथू लागली.

नेत्राने फोनवरच्या सूचनेखालचं 'पुन्हा पाठवा' दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग काठावरच्या कावळ्यांचा आवाज थांबला. लाटांचाही. फोन थरथरला…

ती त्या खोलीत आजही एकटी बसत नाही. सूचनेचा नियम तिने बदलला आहे, एक निरोप अडकला तरी फोन वाजतो. त्या संध्याकाळी फोनवर आलं ते तिने जपून ठेवलं आहे.

'पोच मिळाली. रांगेत ० निरोप. वेग: ताशी चार सागरी मैल. दिशा: पूर्व.'